दुकानाचा ताळेबंद स्वतः मांडताना : मालमत्ता, देणी आणि मालकाचे भांडवल

छोट्या दुकानदारांच्या वह्या पाहताना एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. ताळेबंद, म्हणजे दुकानाकडे काय आहे आणि त्याचे देणे किती याचा तक्ता, मांडायला बसले की सगळ्यात आधी भांडवलाचा आकडा लिहिला जातो. ‘दुकान काढताना तीन लाख घातले होते, म्हणजे भांडवल तीन लाख.’ मग बाकीचे आकडे त्याला जुळवत बसायचे, आणि जुळले नाहीत की ‘किरकोळ फरक’ म्हणून एक ओळ घालून मोकळे व्हायचे. असा ताळेबंद बँकेला दाखवता येतो, पण त्यावरून धंदा कमावतो आहे की मालकालाच खातो आहे हे कळत नाही.

भांडवल आठवून लिहायचे नसते, ते काढायचे असते. सगळी मालमत्ता मोजायची, त्यातून सगळी देणी वजा करायची, आणि जे उरते ते मालकाचे भांडवल.

मालमत्ता − देणी = मालकाचे भांडवल

हेच उलटे मांडले की मालमत्ता = देणी + भांडवल. दुकानातली प्रत्येक वस्तू एकतर दुसऱ्याच्या पैशाने आलेली असते किंवा मालकाच्या, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. खाली एकट्या मालकीच्या किराणा दुकानाचे उदाहरण घेऊन ३१ मार्च २०२५ रोजीचा ताळेबंद टप्प्याटप्प्याने मांडला आहे. वही एकेरी नोंदीची आहे, म्हणजे रोजमेळ (रोजच्या पैशांच्या आवक-जावकीची वही) आणि उधारीची वही एवढेच हाताशी आहे असे धरले आहे. बहुतेकांची हीच स्थिती असते.

## बसण्याआधी काय गोळा करायचे

ताळेबंद वर्षाचा नसतो, एका दिवसाचा असतो. ३१ मार्चला दुकान बंद करताना जे होते तेवढेच त्यात येते. म्हणून कागदही त्याच तारखेचे हवेत:

- सर्व बँक खात्यांचा ३१ मार्चपर्यंतचा उतारा, शिवाय एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याचाही
- कर्जखात्याचा उतारा, ज्यात ३१ मार्चची शिल्लक रक्कम दिसेल
- प्रत्येक घाऊक व्यापाऱ्याकडून त्याच्या वहीतला आपला खातेउतारा
- उधारीची वही, रोजमेळ, चेकबुकच्या पावत्या
- फर्निचर, फ्रीझर, संगणक यांची खरेदी बिले
- भाडेकरार, विम्याची पावती, मार्चचे वीजबिल, जीएसटीचे मार्चचे विवरण
- मागच्या वर्षीचा ताळेबंद, असेल तर

एप्रिलचा उतारा कशाला, असे विचारतात. मार्चअखेर दिलेला चेक एप्रिलमध्ये वटतो आणि मार्चचा पगार पाच एप्रिलला जातो. मार्चची बरीचशी देणी एप्रिलच्या उताऱ्यातच सापडतात.

## टप्पा १ : घर आणि दुकान वेगळे करा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचे सगळे चुकते. हिशेबापुरते दुकान हे मालकापासून वेगळे माणूस समजायचे. त्या माणसाचे जे आहे तेच लिहायचे.

राहते घर, आयुर्विम्याच्या पॉलिसी, घरातले सोने यांपैकी काहीही दुकानाच्या मालमत्तेत येत नाही. दुकानाचा गाळा वडिलांच्या नावावर असेल तर तोही नाही. मात्र घरातले सोने तारण ठेवून आणलेले पैसे दुकानात आले असतील, तर ते कर्ज देण्यांत येते आणि सोने तरीही मालमत्तेत येत नाही. हे ऐकायला विचित्र वाटते, पण तारण मालकाचे आहे आणि पैसा दुकानाने वापरला आहे.

आता दुकानाच्या आत उभे राहून चारी बाजूंना बघा. दिसते ते सगळे आपले नसते. आइस्क्रीम कंपनीने ठेवायला दिलेला फ्रीझर कंपनीचा आहे. त्यासाठी आपण अनामत भरली असेल तर ती अनामत आपली मालमत्ता. न खपल्यास परत घेण्याच्या बोलीवर ठेवलेले ब्रेड-बिस्किट, रिकामे क्रेट, शेजाऱ्याने ठेवलेल्या गोण्या, हे सगळे यादीबाहेर.

सावधान : मालकाचा स्वतःचा आयकर, मुलांच्या शाळेची फी, विम्याचा हप्ता हे दुकानाच्या खात्यातून गेले असले तरी दुकानाचा खर्च नव्हेत. ती मालकाची उचल आहे. त्यांची वेगळी यादी आत्ताच करून ठेवा, टप्पा ६ मध्ये लागेल.

## टप्पा २ : रोकड आणि बँक

३१ मार्चच्या रात्री गल्ला मोजा. रोजमेळात दिसते ती शिल्लक लिहू नका, हातात आलेली लिहा. आपल्या उदाहरणात १८,४०० रुपये निघाले. रोजमेळात जास्त दिसत असेल तर बहुधा घरी नेलेले पैसे लिहायचे राहिले आहेत.

बँकेच्या उताऱ्यात ६४,२५० रुपये दिसतात. पण ३० मार्चला एका व्यापाऱ्याला दिलेला १२,००० चा चेक अजून वटलेला नाही. आपल्या दृष्टीने ते पैसे गेलेलेच आहेत, म्हणून बँक शिल्लक ५२,२५०. क्यूआर कोडवर ३१ तारखेला संध्याकाळी आलेले ३,१५० रुपये दुसऱ्या दिवशी खात्यात जमा झाले. ते ‘येणे’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहायचे.

इथे एक गोंधळ कायमचा दूर करून घ्या. पासबुकात आपली शिल्लक ‘जमा’ बाजूला असते आणि आपल्या वहीत बँक खाते ‘नावे’ बाजूला. कारण पासबुक ही बँकेची वही आहे. आपली ठेव हे बँकेच्या बाजूने आपल्याला द्यायचे देणे आहे आणि आपल्या बाजूने ती मालमत्ता.

कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलता येणारे बँकेचे कर्ज, असेल तर अधिक जपा. मंजूर मर्यादा तीन लाख आणि वापरले १,२०,०००, तर देण्यांत १,२०,००० लिहायचे. उरलेले १,८०,००० मालमत्तेत लिहिलेले मी पाहिले आहेत. न उचललेले कर्ज ही मालमत्ता नव्हे.

## टप्पा ३ : मालसाठा मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. किराणा दुकानात मालसाठा हाच मालमत्तेतला सर्वात मोठा आकडा असतो, आणि त्यातली दहा हजारांची चूक नफ्यात तशीच्या तशी दहा हजारांनी दिसते.

शटर खाली ओढून दोघांनी बसायचे. एकाने मोजायचे, एकाने लिहायचे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून भिंतीच्या कडेने पुढे जायचे आणि मोजून झालेल्या रॅकवर खडूने खूण करायची. मधूनच ‘तेलाचे डबे आठवतात मला, वीस आहेत’ असे म्हणून लिहायचे नाही. फुटलेल्या गोण्या काट्यावर ठेवायच्या. साखरेची पन्नास किलोची गोणी २,०५० रुपयांना आली होती आणि तिच्यात १८ किलो उरली आहे, तर ४१ रुपये दराने ७३८ रुपये. अंदाजे ‘अर्धी गोणी’ लिहिले की १,०२५ होतात. एका गोणीत २८७ रुपयांचा फरक पडला, आणि दुकानात अशा किती गोण्या उघड्या आहेत ते बघा.

किंमत कुठली लावायची? खरेदीची. छापील किंमत लावली की अजून न विकलेल्या मालावरचा नफा आजच धरला जातो. नियम असा : खरेदी किंमत आणि आज विकून हाती येईल ती रक्कम, यांपैकी जी कमी ती.

जीएसटीचे काय करायचे हे नोंदणीवर अवलंबून आहे. नियमित नोंदणी असेल आणि खरेदीवरच्या कराचे क्रेडिट (विक्रीवर भरायच्या करातून वजावट) घेत असाल, तर माल कर वगळून धरा. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठराविक दराने कर भरण्याची योजना) असाल किंवा नोंदणीच नसेल, तर क्रेडिट मिळत नाही, म्हणून कर किमतीतच धरा. स्कीमचा माल असला तर किंमत वाटून घ्या. दहा बॉक्सवर एक फुकट मिळाला आणि दहांचे १,१०० दिले, तर अकरा बॉक्स प्रत्येकी १०० रुपये. फुकटचा बॉक्स शून्याने लिहू नका आणि ११० नेही लिहू नका.

मुदत संपलेले, उंदरांनी कुरतडलेले, कीड लागलेले वेगळे काढा. आपल्या दुकानात मोजणी ३,८६,००० ची झाली आणि त्यात १४,००० चा माल विकण्याजोगा नव्हता. ताळेबंदात ३,७२,०००.

तपासा :
- ३१ मार्चला माल दुकानात आला पण बिल एप्रिलमध्ये मिळाले, असे काही आहे का? माल मोजला असेल तर त्याचे देणेही धरले पाहिजे.
- बिल मार्चचे आहे पण गाडी एप्रिलमध्ये आली, असे आहे का? देणे धरले असेल तर वाटेतला मालही धरा.

या दोहोंपैकी एकच बाजू धरली की नफा फुगतो किंवा बुडतो, आणि चूक कुठे आहे ते महिनोन्‌महिने सापडत नाही.

## टप्पा ४ : येणी आणि बाकीची मालमत्ता

उधारीच्या वहीची बेरीज ९६,५०० आली. तेवढीच लिहायची का? वहीतले एकेक नाव घ्या आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, हा माणूस देणार आहे का. गाव सोडून गेलेले, तीन वर्षे एक रुपयाही न दिलेले, हिशेबावरून भांडण झालेले अशा नावांपुढे खूण करा. मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मधे काही रक्कम चुकती करून किंवा देणे मान्य करून त्याने सही दिली असेल तर मुदत पुन्हा मोजली जाते. म्हणून जुन्या उधारीवाल्याकडून थोडे का होईना घ्या आणि वहीत त्याची सही घ्या. आपल्या यादीत २१,५०० बुडीत निघाले, उरले ७५,०००.

पुस्तकात ‘धनको’ आणि ‘ऋणको’ हे शब्द येतात आणि हमखास उलटे लिहिले जातात. ज्याच्या डोक्यावर आपले ऋण आहे तो ऋणको. तो आपल्या मालमत्तेत. ज्याचे धन आपल्याकडे अडकले आहे तो धनको. तो देण्यांत.

गाळ्यासाठी घरमालकाला दिलेले डिपॉझिट १,००,०००, ते परत मिळणार आहे म्हणून मालमत्ता. एक ऑक्टोबरला वर्षभराचा दुकानाचा विमा ६,००० भरून काढला. ३१ मार्चला त्यातले सहा महिने वापरून झाले, सहा बाकी आहेत. ३,००० आगाऊ दिलेला खर्च म्हणून मालमत्तेत.

टिकाऊ वस्तूंवर घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, वजा करायचा. आयकराचे दर वापरले तर फर्निचरला १० टक्के, यंत्रांना १५ आणि संगणकाला ४०. वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलेल्या नव्या वस्तूला त्या वर्षी निम्माच दर. त्याप्रमाणे :

- रॅक आणि काउंटर, १,२०,००० चे, दोन वर्षे झाली : पहिल्या वर्षअखेर १,०८,०००, आता ९७,२००
- स्वतः घेतलेला डीप फ्रीझर, मे २०२४, ४०,००० : आता ३४,०००
- बिलिंगचा संगणक, डिसेंबर २०२४, ३०,००० : निम्म्या दराने २० टक्के घसारा, आता २४,०००

दुसऱ्या वर्षीचा घसारा मूळ किमतीवर काढलेला वारंवार दिसतो. या पद्धतीत तो राहिलेल्या रकमेवर काढायचा असतो.

मालमत्तेची बेरीज : १८,४०० + ५२,२५० + ३,१५० + ३,७२,००० + ७५,००० + १,००,००० + ३,००० + ९७,२०० + ३४,००० + २४,००० = ७,७९,०००.

## टप्पा ५ : देणी शोधून काढा

मालमत्ता समोर दिसते. देणी दिसत नाहीत, त्यांच्या मागे लागून ती शोधावी लागतात.

घाऊक व्यापाऱ्यांचे १,४२,०००. हा आकडा स्वतःच्या वहीतून घेतलात तरी त्यांच्या उताऱ्याशी ताडून बघाच. आपल्याकडे १२,५४० आणि त्याच्याकडे १२,४५० असेल तर फरक ९०. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्या आणि ते बिल काढून बघा.

बँकेच्या मुदत कर्जात राहिलेली मुद्दल लिहायची. आपल्या दुकानाचा हप्ता ८,००० आणि अजून २६ हप्ते बाकी, म्हणून २,०८,००० असे लिहिले जाते. त्यात पुढच्या महिन्यांचे व्याज मिसळलेले आहे, जे अजून लागलेलेच नाही. बँकेच्या उताऱ्यात ३१ मार्चची शिल्लक १,८५,००० आहे, तीच घ्यायची.

नंतर न दिलेले खर्च. नोकराचा मार्चचा पगार ११,००० आणि मार्चचे वीजबिल ४,२००. मार्चच्या विक्रीवर गोळा केलेल्या जीएसटीपैकी क्रेडिट वजा जाऊन ६,८०० भरायचे आहेत. महिन्याचे विवरण भरणाऱ्याला ते २० एप्रिलपर्यंत भरता येतात, पण ३१ मार्चला गल्ल्यात असलेला तो पैसा सरकारचा आहे.

एका ग्राहकाने मुलीच्या लग्नाच्या किराण्यासाठी १५,००० आगाऊ दिले आहेत, माल मेमध्ये द्यायचा. ही विक्री नव्हे. माल देईपर्यंत ते देणे.

शेवटी मेहुण्याकडून दुकानासाठी हातउसने घेतलेले ५०,०००. ‘घरचेच आहेत’ म्हणून ते भांडवलात घालू नका. जे परत करायचे आहे ते देणेच, मग ते बिनव्याजी का असेना.

तपासा : १ ते १५ एप्रिलच्या बँक उताऱ्यातला प्रत्येक खर्च बोटाने दाखवत वाचा आणि विचारा, हा मार्चमुळे गेला की एप्रिलमुळे? मार्चमुळे गेलेला प्रत्येक रुपया वरच्या यादीत, किंवा टप्पा २ मध्ये वजा केलेल्या चेकमध्ये, असला पाहिजे.

देण्यांची बेरीज : १,४२,००० + १,८५,००० + ११,००० + ४,२०० + ६,८०० + १५,००० + ५०,००० = ४,१४,०००.

## टप्पा ६ : भांडवल काढा, मग नफा

७,७९,००० − ४,१४,००० = ३,६५,०००. हे ३१ मार्च २०२५ चे मालकाचे भांडवल. गल्ल्यात १८,४०० आणि बँकेत ५२,२५० असताना भांडवल साडेतीन लाखांवर कसे, असा प्रश्न पडतो. भांडवल म्हणजे कुठे ठेवलेली रोकड नव्हे. ते गोण्यांत, रॅकमध्ये, उधारीत आणि डिपॉझिटमध्ये अडकलेले आहे.

मांडणी करताना डाव्या बाजूला भांडवल आणि देणी, उजव्या बाजूला मालमत्ता. दोन्हीकडे ७,७९,०००.

पण इथे थांबू नका, कारण या पद्धतीत ताळेबंद नेहमीच जुळतो. भांडवल वजाबाकीने काढल्यावर बेरजा सारख्या येणारच, मग मालसाठा लाखाने चुकलेला असला तरी. जुळणे हा बरोबर असल्याचा पुरावा नाही. खरी परीक्षा नफ्याच्या आकड्यात आहे.

मागच्या वर्षअखेर भांडवल ३,१०,००० होते. ५५,००० वाढले, म्हणजे नफा ५५,००० असे मानून दुकानदार खचून जातात. मधे मालकाने काय नेले आणि काय आणले ते मोजायचे राहिलेले असते. दरमहा घरखर्चाला १५,००० प्रमाणे १,८०,००० गेले. दुकानातून घरी गेलेला किराणा, खरेदी किमतीने महिना ३,००० धरून, ३६,०००. एकूण उचल २,१६,०००. उलट, दिवाळीआधी माल भरायला मालकाने घरची मुदतठेव मोडून ४०,००० दुकानात घातले.

नफा = अखेरचे भांडवल + उचल − नवे घातलेले भांडवल − सुरुवातीचे भांडवल
= ३,६५,००० + २,१६,००० − ४०,००० − ३,१०,००० = २,३१,०००

वर्षाची विक्री २८ लाख असेल तर हा नफा सव्वाआठ टक्के पडतो. किराण्याला ते पटण्यासारखे आहे, शिवाय त्यात बुडीत उधारी आणि खराब माल आधीच सोसलेला आहे. हाच आकडा पंचवीस टक्के आला असता तर मी पहिल्यांदा मालसाठ्याची यादी उघडली असती, कारण बहुधा छापील किंमत लावली गेली आहे. तोटा आला आणि घर मात्र नीट चालले आहे, तर उचल लिहायची राहिली आहे.

सावधान : घरी नेलेल्या किराण्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट घेता येत नाही. घेतले असेल तर तेवढे परत करावे लागते.

## टप्पा ७ : रोजचे व्यवहार या सूत्रात बसवून बघा

ताळेबंद एकदा मांडला की पुढचा प्रत्येक व्यवहार त्याला कुठे हलवतो हे विचारायची सवय लावा. निदान दोन जागा हलतात.

- ८०० चा माल १,००० ला रोखीने विकला : माल ८०० ने कमी, रोकड १,००० ने जास्त, भांडवल २०० ने जास्त.
- उधारीचे ५०० वसूल झाले : रोकड जास्त, येणे कमी. भांडवल जागच्या जागी. ही वसुली रोजमेळात ‘विक्री’ म्हणून लिहिली तर तीच विक्री दोनदा मोजली जाते. उधारीवर माल दिला तेव्हाच विक्री झाली होती.
- ८,००० चा कर्जहप्ता गेला, त्यात व्याज १,७०० : बँक ८,००० ने कमी, कर्ज ६,३०० ने कमी, भांडवल १,७०० ने कमी. पूर्ण हप्ता खर्चात टाकणे ही सर्वात महाग पडणारी चूक. वर्षभर असे केले की नफा पंच्याहत्तर हजारांच्या आसपास कमी दिसतो.
- कर्जाऊ ३०,००० चे नवे रॅक घेतले : मालमत्ता आणि देणी दोन्ही ३०,००० ने वाढली, भांडवलाला धक्का नाही. दुकान मोठे दिसू लागले म्हणून मालक श्रीमंत झाला असे नव्हे.
- घरासाठी ५,००० नेले : रोकड कमी, भांडवल कमी. खर्चाच्या रकान्यात जायचे नाही.

## टप्पा ८ : १ एप्रिलची पाने

नव्या वहीत १ एप्रिलच्या पानावर याच ओळी, याच रकमांनी, सुरुवातीची शिल्लक म्हणून उतरवा. बुडीत धरलेल्या २१,५०० ची नावे वेगळ्या पानावर ठेवा, पुसू नका. त्यातले कुणी पुढे पैसे आणून दिले तर ती त्या वर्षाची मिळकत म्हणून लिहावी लागेल. पाच एप्रिलला ११,००० पगार जाईल तेव्हा त्याच्या समोर ‘मार्चचे देणे फेडले’ असे लिहा, नाहीतर मार्चचा पगार दोन वर्षांच्या खर्चात जाईल. मालसाठ्याची हाताने लिहिलेली यादी, दोघांच्या सह्या करून, ताळेबंदाला टाचून ठेवा. पुढच्या वर्षी नफ्याचा आकडा खटकला तर आधी तीच उघडावी लागते.